ट्री रोझ दीड फुटावर छाटायचा का? माळीबुवा रविवारी येणार आहेत

गंगापूररोडवाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

नाशिकला आमच्या अंगणात साध्या गुलाबांची एक रांग आहे. गेल्या थंडीत हौस म्हणून दोन ट्री रोझ आणले. खाली तीन-सव्वातीन फुटांचा सरळ बुंधा, वर फांद्यांचं गोल डोकं. एक आइसबर्ग, पांढरा. दुसरा डबल डिलाइट, दुधी पाकळी आणि कडेनं लाल चढत जाणारा. मार्चपर्यंत दोन्ही असे फुलले की येणारा-जाणारा फाटकाशी थांबायचा.

पावसाळ्यानंतर मात्र सगळं बिनसलंय. डबल डिलाइटच्या डोक्याची रस्त्याकडची बाजू काळी पडून वाळली. त्याच सुमारास बुंध्याच्या मध्यावर एक फुटवा आला, तो बघता बघता माझ्या उंचीचा झाला. पोपटी, लवलवीत, पानं बारीक, कळी एकही नाही. तसेच दोन जमिनीतून वर आलेत. बुंध्याची पश्चिमेकडची साल उभी तडकली आहे. आइसबर्ग तसा बरा आहे, पण एका अंगाला कललाय आणि त्याची कोवळी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. आधाराला नर्सरीनं दिलेली बारीक सळई आहे, नायलॉनच्या दोरीनं बांधलेली. माती आमची काळी. जोराचा पाऊस झाला की आळ्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी दिसतं.

आता मुद्द्याचं. रविवारी माळीबुवा छाटणीला येणार आहेत. साधे गुलाब ते जमिनीपासून दीड फुटावर छाटतात आणि नाताळात फुलं भरपूर येतात, म्हणून त्यांच्या हाताबद्दल तक्रार नाही. पण ते म्हणतात, "ताई, हे पण दीड फुटावरच घेऊ, खालून जोमानं फुटेल." माझं मन घेत नाहीये. छाटू देऊ का? आणि त्या उंच फुटव्याचं काय करू? आमच्या ह्यांचं म्हणणं, झाडाला जगायचंय म्हणून ते खालून फुटतंय, राहू दे.

हिरवी_गच्ची:

राहू द्या ना फुटवा! कुठून वाढायचं ते झाडाला कळतं. वाळलेला भाग तेवढा कापा. पानं पिवळी आहेत तर चमचाभर एप्सम सॉल्ट आणि केळीच्या सालींचं पाणी द्या, आठ दिवसांत फरक दिसेल. मी माझ्या सगळ्या कुंड्यांना हेच देते.

मोरचूद:

गंगापूररोडवाली, माळीबुवांना रविवारी चहा पाजा आणि साध्या रांगेकडे पाठवा. या दोन झाडांपाशी कात्री घेऊन त्यांना एकटं सोडू नका. दीड फुटावर छाटलंत तर डबल डिलाइट कायमचा गेला. खालून जोमानं फुटेल हे ते खरंच सांगताहेत, पण फुटेल तो खुंट, म्हणजे ज्या रानगुलाबावर तुमच्या गुलाबाचं कलम केलंय तो. तुम्ही पैसे मोजलेला गुलाब नव्हे.

साध्या कलमी गुलाबात डोळा, म्हणजे चांगल्या जातीचा अंकुर, खुंटाच्या सालीत जमिनीलगत भरलेला असतो. ती जागा म्हणजे जोड, म्हणून दीड फुटावर कापलं तरी कात्री जोडाच्या वरच राहते. ट्री रोझमध्ये जोडच वर आहे. नर्सरीवाला खुंटाची एक सरळ काठी वाढवतो, बाजूचे फुटवे खुडत राहतो, आणि ती हव्या त्या उंचीला पोचली की तिथे चांगल्या जातीचे दोन-तीन डोळे भरतो, समोरासमोर, थोडे वर-खाली. जमिनीपासून त्या जोडापर्यंत जे काही आहे, मुळं, बुंधा, साल, सगळं खुंटाचं. उद्या सकाळी बुंध्यावरून बोट फिरवत वर जा. डोक्याखाली जिथे तो सुजल्यासारखा जाड लागेल आणि फांद्या निघालेल्या दिसतील, तो जोड. तिथे एक लाल चिंधी बांधा. यापुढे माप चिंधीपासून, जमिनीपासून नाही. माळीबुवांनाही हे एवढंच सांगा, पटेल त्यांना. ट्री रोझ फारसे हाताखालून गेले नसतील, इतकंच.

छाटणी किती, तर डबल डिलाइट हायब्रिड टी आहे, म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल देणारा. चिंधीपासून सहा ते आठ इंच फांदी ठेवा, चार-पाच डोळे राहतात. सगळ्यात वरचा डोळा बाहेर तोंड करून असलेला निवडा आणि काप त्याच्या पाव इंच वर, तिरका. आइसबर्ग फ्लोरिबंडा, म्हणजे झुबक्यानं फुलणारा, त्याच्यावर इतकी कात्री चालवायची गरज नाही. एक तृतीयांश कमी करा, आतल्या एकमेकींना घासणाऱ्या काड्या काढा आणि डोकं चहूबाजूंनी सारखं ठेवा. एका बाजूला जड झालेलं डोकं पावसात भिजून आणखी जड होतं आणि वारा त्याच बाजूला झाड ओढतो. तुमच्या कलण्याचं निम्मं कारण तिथे असणार. नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे थोडा उशीर आहे, पण चालेल. मी पुण्यात पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या मध्याला सुरुवात करते. छाटणीपासून फुलापर्यंत ४५ ते ५० दिवस धरा, तुमच्याकडच्या थंडीत थोडे जास्त.

वाळलेली बाजू म्हणजे डायबॅक, शेंड्याकडून खाली उतरणारी मर. काळं संपतं तिथे कापून थांबू नका. कापलेल्या तोंडाचा गाभा बघा. तपकिरी दिसला तर आणखी खाली, पांढरा स्वच्छ लागेपर्यंत. प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, नाहीतर तीच मर तुम्ही स्वतःच्या हातानं पलीकडच्या आइसबर्गला नेऊन द्याल. आणि कापांवर बोर्डो पेस्ट. घरच्या घरी करायची तर १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्याच भांड्यात. चुना निवला की दोन्ही एकत्र ओता आणि काठीनं ढवळा. मग लोखंडी खिळा घासून चकचकीत करून त्यात मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, आणखी चुना घाला. खिळा तसाच राहिला की ब्रशनं लावा. लागेल तेवढीच करा, उरलेली दुसऱ्या दिवशी कामाची नसते.

आता तो उंच फुटवा. आधी एक गोष्ट बघायची. डोक्याच्या उरलेल्या फांदीवर, जोडाच्या अगदी जवळ, नखानं साल जरा खरवडा. खाली हिरवं ओलं लागलं तर डबल डिलाइट जिवंत आहे आणि मग त्या फुटव्यांना एक दिवसाची मुदत नाही. बुंध्यावरचा फुटवा धारदार चाकूनं सालीला टेकून सपाट कापायचा, खुंटी ठेवायची नाही. जमिनीतून आलेले मात्र कापायचे नाहीत. माती उकरत मुळापर्यंत जा, फुटवा जिथून निघालाय तिथे धरून खाली झटका देऊन उपटा. वरून कापला की त्याच्या बुडाशी झोपलेले डोळे जागे होतात आणि एकाच्या जागी चार येतात. बुंध्यावर ही ओढाओढ करू नका, सालीची पट्टी निघून येईल. पुढे आठवड्यातून एकदा बुंध्यावर अंगठा फिरवलात तर चाकूची वेळच येणार नाही. कोवळे डोळे बोटानं पुसले जातात.

"सात पानांचा तो जंगली" हे ऐकून ओळखायला जाऊ नका. कितीतरी चांगल्या जातींना जोमाच्या फांदीवर सात पर्णिका येतात. खुंट मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा असेल तर पानाच्या देठाच्या बुडाशी बघा, उपपर्णांना (तिथल्या छोट्या पानांना) झालरीसारखी कातरलेली कड असते, ती खूण पक्की. पण ट्री रोझला एवढी तपासणी लागतच नाही. चिंधीच्या खाली आला तो परका.

आणि हो, जोडाच्या वरून एखादा जाड, लालसर, सरसर वाढणारा फुटवा आला तर तो उपटून टाकू नका. ती तुमच्या गुलाबाचीच नवी फांदी. वीतभर झाली की शेंडा खुडा म्हणजे तिथून फाटे फुटतील.

सळई आणि नायलॉन, दोन्ही आजच काढा. नायलॉन खाली बुंध्यात रुतलेलं असेल, ओढू नका, कापून सोडवा. रुतलेली दोरी खालीवर जाणारा रस तोडते आणि वरच्या डोक्याचे हाल होतात. मी तर म्हणेन तुमच्या वाळलेल्या बाजूमागे डायबॅकइतकीच ती दोरी असेल. आधार म्हणून अर्ध्या इंचाचा जीआय पाइप किंवा भरीव बांबू, बांबू असेल तर जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर. उंची अशी की वरचं टोक डोक्याच्या आत दोन-चार इंच शिरलं पाहिजे. लोक जोडाच्या खालीच काठी संपवतात, मग जूनच्या वाऱ्यात झाड नेमकं जोडाशी मोडतं. दोन्ही झाडांना काठी पश्चिमेला, बुंध्यापासून दोन-तीन इंच लांब. आपल्याकडे पावसाळी वारा तिकडून येतो, झाड काठीपासून दूर झुकतं, काठीवर घासत नाही. आणि दुपारच्या उन्हात काठीची थोडी सावलीही बुंध्यावर पडते. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा देऊन, म्हणजे काठी आणि बुंधा यांच्यामध्ये रबर येतं. एक पट्टी जोडाखाली, एक मध्यावर, एक खाली. पावसाळ्याआधी आणि नंतर सैल करून पुन्हा बांधायची. बुंधा जाड होत असतो हे विसरायला होतं.

साल तडकली ती एप्रिल-मेच्या उन्हानं. साध्या झुडपाचा बुंधा त्याच्याच पानांच्या सावलीत असतो, ट्री रोझचा उघडा. बोर्डो पेस्टच पातळ करून पूर्ण बुंध्याला फासा, पांढुरका रंग ऊन परतवतो आणि भेगेत बुरशी शिरत नाही. मार्चनंतर वरून गोणपाटाची पट्टी सैलसर गुंडाळा. पहिला पाऊस पडला की ती काढायची, कारण भिजलेल्या गोणपाटाखाली खवले कीड आणि पिठ्या ढेकूण मुक्काम ठोकतात. खवले दिसलेच तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, औषधाआधी तेच.

हिरवी_गच्ची, राग मानू नका. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. ते कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात. इथे कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही, आणि मल्टिफ्लोराचा खुंट अशा जमिनीत जास्तच कुरकुरतो. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही चुन्यात अडकून बसेल. लिटरला ५ ग्रॅम हिराकस, थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. नाहीतर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मिळतं, ते मातीतून चालतं, पण महाग.

खताची घाई नको. छाटणीनंतर डोळे फुगायला लागले की एक घमेलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा, बुंध्यापासून वीतभर लांब. एवढं पुरे. पाणी साचतंय तोवर खत घालून उपयोगही नाही. आळ्याच्या उताराकडून एक चर काढा, मुरूम आणि विटांचे तुकडे भरा, पाणी बाहेर निघालं पाहिजे. पुढच्या वेळी लावताना फूटभर उंच वाफा करा. काळ्या मातीतला खड्डा नुसत्या शेणखतानं भरला की पावसाळ्यात तो हौद होतो.

निफाडचा_बागायतदार:

काकू लाख बोलल्या. आमच्या द्राक्षाला पण डॉगरिजचा खुंट असतो, त्यावर थॉमसनचं कलम. पहिली दोन वर्षं बाया दर फेरीला खुंटाचे फुटवे मोडत जातात, राहिला तर खुंटच बाग खाऊन टाकतो. ताई, तुम्ही नाशिकच्या असून फुटवा ठेवायचा का विचारता, आमच्याकडं शाळकरी पोरगं सांगल!

मी ओळींच्या टोकाला गुलाब लावलेत, एका वायनरीत बघितलं होतं म्हणून. चार ट्री रोझ पण आहेत, फाटकापाशी. गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळासाठीची छाटणी, उरकली की त्याच कात्रीनं, पातं धुऊन, गुलाब घेतो. भुरीसाठी (पानावरची पांढरी बुरशी) विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, बागेत मारतो तेच. गुलाबावर भुरी आली का समजायचं आता द्राक्षावर येणार.

मोरचूद:

दादा, शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती. गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या दोन वेगळ्या बुरशा आहेत, एकीची दुसरीवर जात नाही. पण हवा दोघींना साधारण एकच आवडते आणि गुलाब नाजूक, म्हणून तिथे आधी दिसते. युरोपात ओळींच्या टोकाला गुलाब लावायची रीत त्यातूनच आली असं म्हणतात. तेव्हा इशारा म्हणून ठीक आहे, पण गुलाबावर दिसली नाही म्हणून द्राक्षाची फवारणी चुकवू नका.

आणि गंधक ऊन तापल्यावर मारू नका हे ताईंसाठी लिहून ठेवते. पारा ३२-३५ अंशांच्या वर गेला की पानं करपतात. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी मारलं तर काळजी नाही.

एडिसनकर:

न्यू जर्सीतून. इथे आमचं दुखणं उलटं आहे. उन्हाळा झाड सोसतं, पण थंडीत पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि जोड तीन फुटांवर उघडा. साध्या गुलाबाच्या जोडावर माती आणि पाचोळ्याचा ढीग घालतात, ट्री रोझला तो घालणार कुठे? मी म्हणून मोठ्या कुंडीतच ठेवलाय. पानगळ झाली की गॅरेजमध्ये, हीटर नसलेल्या, महिन्यातून एखादा तांब्या पाणी, आणि एप्रिलमध्ये बाहेर. मिनेसोटात तर जमिनीत लावलेलं झाड एका बाजूची मुळं सैल करून चक्क आडवं पाडतात आणि चरात निजवून वरून माती लोटतात. ते माझ्याच्यानं होणार नाही.

शेजाऱ्यांच्या पिवळ्या ट्री रोझला एका वसंतात गडद लाल फुलं आली. ते खूश, झाडानं रंग बदलला म्हणून. वर डोकं थंडीत मेलं होतं आणि खालून डॉक्टर ह्युई फुलला होता. इथे खुंट म्हणून तोच सर्रास वापरतात. मी सांगितलं नाही, कशाला हिरमोड करा.

गंगापूररोडवाली:

सगळ्यांचे आभार, काकूंचे खास.

चिंधी बांधली. नखानं खरवडून बघितलं, उरलेल्या फांदीवर हिरवं आहे. वाळलेली बाजू कापत गेलो तर गाभा जोडापर्यंत तपकिरीच निघाला, म्हणजे ती संपलीच. नायलॉन जोडाच्या थोडं खाली खरंच रुतलं होतं. माळीबुवा आधी हसले, मग जोड दाखवल्यावर गप्प झाले, मग मलाच समजावायला लागले की "हे डोळे वर भरलेले असतात ताई." असो. जमिनीतले दोन फुटवे त्यांनीच उपटले, एक मुळाच्या तुकड्यासकट आला.

आता प्रश्न दोन. एक, डबल डिलाइटचं डोकं आता एकाच बाजूला आहे, पलीकडे बोडकं. ते भरेल का? आणि दुसरा, तो बुंध्यावरचा उंच फुटवा मी अजून कापलेला नाही. इतका सरळ आणि ठणठणीत आहे की जीव होत नाही. निफाडच्या दादांनी हसू नये.

निफाडचा_बागायतदार:

हसलो.

मोरचूद:

पहिल्याचं सोपं. जी फांदी उरलीय ती जरा कडक छाटा, दोन-तीन डोळ्यांवर, आणि वरचा डोळा रिकाम्या बाजूकडे बघणारा निवडा. इथे बाहेरचा-आतला नियम बाजूला ठेवायचा. फुटवे वीतभर झाले की शेंडे खुडा, पहिल्या बहराच्या कळ्या सोडून द्या. जानेवारीत फूल कमी बघाल, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत डोकं गोल होत येईल. एका डोळ्यावर उभं असलेलं डोकं तीन डोळ्यांइतकं भक्कम कधी होत नाही, म्हणून आधाराची काठी आयुष्यभर.

फुटव्याचं म्हणाल तर तो तिथे राहिला की वरच्या एकुलत्या फांदीला उपाशी मारेल. कापाच. पण फेकू नका. बुडाकडचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीत-सव्वा वीत लांबीचे तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, आणि रेती-मातीच्या पिशव्यांत दोन तृतीयांश पुरून सावलीत ठेवा. खुंटाची काडी झटकन मुळं धरते, खुंट म्हणून निवडतात ते त्याचसाठी. त्यातली सगळ्यात जोमदार ठेवा आणि वर्षभर एकच काठी सरळ वाढवा, बांबूला बांधून, बाजूचं सगळं खुडत. पुढच्या जानेवारीत तुमच्याकडे स्वतःचा बुंधा असेल.

डोळे भरायला डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ज्या फांदीचं फूल नुकतं गळलंय तिच्या मधल्या भागातले डोळे घ्या. बोटानं आडवा दाबला की काटा कट्कन तुटला तर काडी तयार. पान कापून देठाचा अर्धा इंच ठेवा, तो धरायला मूठ होतो. खुंटाच्या सालीला इंचभर उभा काप, वर आडवा काप, फक्त साल कापायची, लाकूड नाही. आदल्या दिवशी खुंटाला भरपूर पाणी द्या म्हणजे साल अलगद सुटते. डोळा ढालीसारखा कापून आत सरकवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट बांधा, डोळा तेवढा उघडा. तीन आठवड्यांनी त्या देठाला टिचकी मारा. गळून पडला आणि डोळा हिरवा राहिला तर धरला. देठ वाळून चिकटून बसला तर मेला, दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा. धरलेले डोळे फुटून दोन-दोन इंच झाले की मगच खुंटाचा वरचा शेंडा उडवायचा.

हिरवी_गच्ची:

काकू, राग नाही, उलट सगळं लिहून घेतलंय. एक विचारू? एकाच बुंध्यावर दोन रंगांचे डोळे भरता येतात का? गच्चीत जागा कमी, हौस जास्त.

मोरचूद:

येतात, आणि नर्सरीवाले असे विकतातही. पहिल्या वर्षी छान दिसतं. मग दोघांतला दांडगा सगळा रस ओढतो आणि दुसरा दोन काड्यांवर येतो. क्वीन एलिझाबेथसोबत डबल डिलाइट भराल तर वर्षा-दोन वर्षांत फक्त क्वीन एलिझाबेथ बघाल, ती ताडमाड वाढते. करायचंच तर सारख्या जोमाच्या दोन फ्लोरिबंडा घ्या. त्यातही सगळ्यात बरं म्हणजे आइसबर्गचा पांढरा आणि आइसबर्गचाच गुलाबी स्पोर्ट (त्याच्याच फांदीवर आपोआप आलेला बदल), चाल एकच असते, कोणी कोणाला दाबत नाही. प्रत्येकाचे दोन-दोन डोळे, आणि छाटणीला जो पुढे जातोय त्याची फांदी लांब ठेवायची, जो मागे पडतोय त्याला आखूड घ्यायचं. उलट वाटेल, पण कडक छाटलेली बाजूच जोरात फुटते. गच्चीवर असेल तर कुंडी चौदा-सोळा इंचांच्या आत नको आणि मातीचीच जड घ्या, डोकं भरलं की हलकी कुंडी वाऱ्यात उलटते.